पद्मिनीत जिप्सीचे इंजिन: किंमत किती धरावी, आणि गाडी रस्त्यावर चालवता येईल का?

चरईकर
गेल्या रविवारी कोलशेत रस्त्यावरच्या एका सोसायटीत प्रीमियर पद्मिनी पाहून आलो. आर.सी. बुकावर नोंदणी नोव्हेंबर १९७४ ची आहे, तीन अक्षरी जुना नंबर शाबूत आहे आणि नोंदणीचे नूतनीकरण नोव्हेंबर २०२९ पर्यंत झालेले आहे. विकणारे गृहस्थ तिसरे मालक आहेत. मूळचा फिकट हिरवा रंग जाऊन गर्द निळा आला आहे. चाके अलॉयची, पुढे डिस्क ब्रेक, आत एसी, खिडक्यांना काळी फिल्म असा थाट आहे. बॉनेट उघडल्यावर १०८९ सीसीच्या मूळ इंजिनाच्या जागी मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिसला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून टाकला असून आता गिअरची दांडी जमिनीतून वर येते.

काम नीटनेटके आहे आणि गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. ते सहा लाख मागतात. त्यांचा हिशेब असा, की गाडीवर साडेसात लाख खर्च झाले, तेव्हा मला दीड लाखाची सूटच मिळते आहे. आर.सी.वर मात्र इंजिन क्रमांक जुनाच आहे. ‘ते एजंट करून देतो’, असे ते सहज म्हणाले, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या वडिलांकडे अशीच पद्मिनी होती, त्यामुळे या व्यवहारात माझे डोके पूर्णपणे थंड नाही हे आधीच कबूल करतो. जाणकारांनी सांगावे, हिचे मोल कसे ठरवायचे आणि ती रस्त्यावर कायदेशीरपणे चालवता येईल का?

गिअरबॉक्स
साडेसात लाख हे त्यांचे दुःख आहे. ते तुम्ही विकत का घेता?

कागदपत्रे_आधी
चरईकर, आधी कायद्याचे पाहू, कारण किंमत त्यावरच उभी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात जे तपशील ठरवले आणि जे आर.सी.वर नोंदले गेले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२अ आले आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द तुमच्या गाडीकडे पाहत वाचा.

इंजिन बदलणे सरसकट निषिद्ध आहे, असा मात्र याचा अर्थ नाही. जुने इंजिन निकामी झाले आणि त्याच जातीचे दुसरे बसवायचे असेल, तर आरटीओची परवानगी घेऊन, खरेदीची पावती जोडून नवा क्रमांक आर.सी.वर चढवून घेता येतो. सीएनजीचे मान्यताप्राप्त किट बसवून त्याची नोंद करता येते. अपंग चालकासाठी केलेले बदलही रीतसर नोंदवता येतात. पण फियाटच्या धाटणीच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवायचे, तर त्या जोडणीला चाचणी संस्थेची मान्यता हवी, आणि एकट्यादुकट्या गाडीसाठी ती कोणी मिळवून ठेवलेली नसते. त्यामुळे ‘एजंट करून देतो’ या वाक्याचा अर्थ, एजंट काहीतरी खोटे लिहून आणील, इतकाच होतो.

आणखी एक प्रश्न त्यांना जरूर विचारा. हे जिप्सीचे इंजिन कोणत्या गाडीतून आले? त्यालाही स्वतःचा क्रमांक आहे आणि तो आजही कुठल्यातरी आर.सी.वर असणार. भंगारात किंवा लिलावात घेतल्याची पावती नसेल, तर उद्या ती गाडी चोरीची निघाली म्हणजे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या तुम्हीच झिजवणार.

रबाळे_गाळा
मी अशी कामे करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मूळ पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. साधारण ४० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन ती आज घोडबंदर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत उतरली, तर चालवणाऱ्याला देव आठवतो. पुढे डिस्क बसवली, सीटबेल्ट लावले, दिवे सुधारले, तर गाडी सुरक्षित झाली की धोकादायक? नियम करणाऱ्यांनी हा भेदच केलेला नाही. चांगला बदल आणि वाईट बदल एकाच तराजूत घातले आहेत. माझ्या गाळ्यातून गेलेल्या गाड्या आठ-आठ वर्षे ठाण्यात आणि वाशीत फिरत आहेत, आणि नाक्यावर एकालाही कोणी बॉनेट उघडायला लावलेले नाही.

नेरुळचा_उतार
रबाळे_गाळा, नाक्यावर बॉनेट कोणी उघडत नाही हे खरे, पण अपघातानंतर उघडतात. माझ्याकडे कॉन्टेसा होती आणि तिच्यात मी दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन टाकले होते. पाम बीच रस्त्यावर सिग्नलला उभा असताना मागून एकाने धडक दिली. चूक शंभर टक्के त्याची होती. विम्याचा सर्वेक्षक आला. त्याने डिकीचे फोटो काढले आणि मग अगदी सहज म्हणाला, ‘जरा पुढचेही उघडा.’ इंजिनावर बॅटरीचा उजेड टाकून त्याने फडक्याने क्रमांक पुसला, आर.सी.ची प्रत शेजारी धरली आणि काही न बोलता वहीत लिहून घेतले. तीन आठवड्यांनी माझा दावा फेटाळल्याचे पत्र आले. मागच्या पत्र्याचा आणि इंजिनाचा संबंध काय, म्हणून मी बराच भांडलो. पण ज्या गाडीचा विमा काढला ती ही गाडीच नाही, या एका वाक्यापुढे माझी बाजू टिकली नाही.

या गाड्यांच्या विम्यातली दुसरी गोष्टही सांगतो. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत घसाऱ्याच्या तक्त्यावरून निघत नाही. ती मालक आणि कंपनी यांच्या समजुतीने ठरते. म्हणजे सहा लाखांची गाडी सहा लाखांना विमित करायची, तर कंपनीला ती किंमत पटवावी लागेल, आणि पटवताना इंजिनाबद्दल खरे सांगावे लागेल. इथे दोन्ही दारे बंद होतात.

खाडीवारा
चरईकर, १९७४ म्हणजे पन्नास वर्षे पूर्ण झाली की. व्हिन्टेजमध्ये नोंदवून टाका, सगळा प्रश्न मिटेल!

कागदपत्रे_आधी
खाडीवारा, मिटणार नाही, उलट वाढेल. जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली खासगी दुचाकी-चारचाकी व्हिन्टेज ठरते खरी, पण ती मूळ स्वरूपात जपलेली असावी आणि तिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट त्याच व्याख्येत आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणायची. सकाळी उपवन तलावावर चहाला नेण्याची सोय त्यात बसत नाही.

खाडीवारा
मग पेट्रोल भरायला तलावावरून जायचे.

ओव्हरहॉल
विमावाल्यांची व्हिन्टेज आणखी वेगळी आहे, तीही लक्षात असू द्या. त्यांच्या जुन्या दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली गाडीच व्हिन्टेज मानली आहे. आरटीओच्या लेखी म्हातारी झालेली गाडी विम्याच्या लेखी अजून पोरसवदा.

घणसोली_ईव्ही
जुने इंजिनही नको आणि जिप्सीचेही नको, सरळ बॅटरी आणि मोटर बसवा. आवाज नाही, धूर नाही.

रबाळे_गाळा
घणसोली, विजेवर रूपांतर करायला कायद्यात वाट आहे, पण किट त्या मॉडेलसाठी चाचणी होऊन मंजूर झालेले हवे आणि बसवणाराही अधिकृत हवा. पद्मिनीसाठी मंजूर किटचे कागद कोणी माझ्या हातात आणून दिले, तर मी स्वतः बसवून देईन. तोवर तीही हिच्यासारखीच, कागदावर एक आणि बॉनेटखाली दुसरी.

पत्रा_आणि_पुट्टी
सगळे इंजिनावर बोलत आहेत. मी डेंटिंगच्या धंद्यात हयात घालवली आहे, म्हणून पत्र्याचे सांगतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. खाडीच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेली पद्मिनी वरून आरशासारखी चमकते आणि खालून चाळणी झालेली असते. आइस्क्रीमच्या कपाचे झाकण फाडून त्याला छोटे लोहचुंबक चिकटवा आणि दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची खोबण आणि पुढच्या खांबांचा पायथा यांवरून फिरवा. पत्रा असेल तिथे चुंबक धरेल, पुट्टी असेल तिथे गळून पडेल. पायाखालची रबरी मॅट उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. टणक आवाज यायला हवा. भद्द आवाज आला, तर तिथे सड लागली आहे.

जिप्सीचा बॉक्स बसवताना मधला बोगदा, म्हणजे गिअरबॉक्सवरचा तळाचा उंचवटा, कापला असणार. गाडी गॅरेजच्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन खालून पाहा. कापलेल्या जागी जाड पत्रा नीट सांधला आहे की नुसते टाके मारले आहेत, इंजिन ज्यांवर टेकते ते पाय मूळ जागीच आहेत की नवीन कंस जोडले आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका. जिप्सीच्या एमपीएफआय इंजिनाची ताकद ८० अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या दुप्पट. पुढे डिस्क घातली हे बरे केले. पण मागचे ड्रम, मागचा ॲक्सल आणि जुना पत्रा हे सगळे अजून ४० अश्वशक्तीच्याच जगात राहतात.

आणि बॉडीवर कोरलेला चेसिस क्रमांक स्वतः वाचा. मालकी बदलीच्या वेळी आरटीओत कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात. तो घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला, तर गाडी फुकट दिली तरी नको.

ओव्हरहॉल
मोलाबद्दल माझे मत असे आहे, की जुन्या गाडीतल्या बदलांचे दोन वर्ग पाडावेत: मागे नेता येतात ते आणि येत नाहीत ते. चाके बदलली, स्टिरिओ घातला, मूळ माल माळ्यावर जपून ठेवला, तर किमतीला धक्का लागत नाही. बोगदा कापला, डॅशबोर्ड फोडून एसीच्या हवेसाठी झरोके पाडले, स्टिअरिंगचा दांडा फेकून दिला, तर प्रत्येक वेळी खर्चही झाला आणि किंमतही उतरली. अशा गाडीला गिऱ्हाईक कोण? मूळ रूपाचा दर्दी ती घेणार नाही, आणि ज्याला वेग हवा आहे तो त्याच पैशात वॉरंटीची गाडी घेईल. मी गेल्या वर्षी माझी १९९६ ची पद्मिनी, रंग सोडून सर्व मूळचे, अडीच लाखांना विकली आणि घेणारा चार वेळा येऊन पाहून गेला. ही गाडी तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी आणि जुन्या नंबराची, म्हणून मूळ रूपात ती जास्त मोलाची ठरली असती. आजच्या रूपात मी तिला पावणेदोन लाखांवर हात लावणार नाही.

रबाळे_गाळा
पावणेदोन लाखांत नुसते इंजिन, बॉक्स आणि एसीचे कामही होत नाही.

ओव्हरहॉल
काम होत नाही, मान्य आहे. पण गिऱ्हाईकही मिळत नाही. तुमच्या गाळ्याची मजुरी त्या गाडीच्या मालकाने तुम्हाला दिली आहे, ती पुढच्या माणसाने त्याला का परत करावी?

मुलुंड_नाका
विकणारे ‘काळी-पिवळी बंद झाली, आता पद्मिनीचे भाव चढले’ असेही ऐकवतील, त्याला भुलू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली, ती टॅक्सीला असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. ती मर्यादा तुमच्या खासगी गाडीला नाही. दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदीही आपल्याकडे नाही. तपासणीत उत्तीर्ण झाली, तर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढते. शुल्क मात्र चढत गेले आहे: एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. हरित कर वेगळा.

जुनी_पाटी
मला एक गोष्ट खटकते आहे. चरईकर, नोंदणी नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे, म्हणजे नूतनीकरण २०२४ च्या सुमारास झाले. तेव्हा गाडी आरटीओत दाखवली असेल, तर बॉनेटखाली कोणते इंजिन होते? जिप्सीचे असेल, तर ते पासिंग संशयास्पद आहे. मूळचे असेल, तर ते इंजिन दीड-दोन वर्षांपूर्वीपर्यंत चालत होते. ते गेले कुठे?

कागदपत्रे_आधी
जुनी_पाटी, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता.

चरईकर
मंडळी, तीन दिवस गप्प होतो, कारण पुन्हा जाऊन आलो. जुनी_पाटी यांचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. गृहस्थ जरा घुटमळले. मग म्हणाले, की पासिंग मूळ इंजिनावरच झाले होते, जिप्सीचे नंतर बसवले, आणि जुने इंजिन ‘असेल कुठेतरी मिस्त्रीकडे’. मी त्यांनाच गाडीत घेतले आणि कळव्याच्या पुढे त्या मिस्त्रीचा गाळा गाठला. मागच्या भिंतीशी, निळ्या ताडपत्रीखाली, दोन टायरांवर इंजिन आणि चार गिअरचा बॉक्स ठेवलेला होता. कार्ब्युरेटर जागेवर, डायनॅमो गायब. क्रमांकावर मिस्त्रीने चंदेरी रंग मारला होता. रॉकेलच्या बोळ्याने पाच मिनिटे घासल्यावर अंक दिसू लागले. शेवटचा आकडा तीन की आठ, यावर आमची दोघांची जुंपली. मग पेन्सिलीने ठसा घेतला तर तीन निघाला. आर.सी.वरही तीनच आहे.

लोहचुंबकाची तपासणीही केली. डाव्या मागच्या कमानीत आणि दाराच्या खालच्या कडेला पुट्टी आहे, तळ टणक आहे. बोगदा कापलेला आहे, पण त्यावर जाड पत्रा पूर्ण वेल्ड केला आहे. जिप्सीच्या इंजिनाची पावती त्यांच्याकडे नाही. चेसिस क्रमांक स्वच्छ आहे.

पत्रा_आणि_पुट्टी
मग ही गाडी वाचण्यासारखी आहे. कमान आणि दार ही आठवड्याची कामे. बोगद्याचा मूळ पत्रा मोडीत निघालेल्या पद्मिनीतून कापून आणावा लागेल. कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर चौकशी करा.

ओव्हरहॉल
आता हिशेब बदलला. मूळ रूपात आलेल्या अशा गाडीला तुम्ही स्वतः किती द्याल तो आकडा मनात ठरवा, त्यातून परत नेण्याचा सगळा खर्च वजा करा आणि उरेल तेवढेच त्यांना सांगा. जिप्सीचे इंजिन, बॉक्स आणि एसी त्यांनाच ठेवून घेऊ द्या. पावती नसलेले इंजिन तुम्हाला नकोच आहे, आणि ते परत मिळाल्यावर त्यांचेही दुःख थोडे हलके होईल.

रबाळे_गाळा
डिस्क ब्रेक मात्र काढू नका, अशी माझी विनंती आहे. बाकी सगळे मी मागे घेतो.

कागदपत्रे_आधी
रबाळे_गाळा, विनंती समजते, पण उत्पादकाने न दिलेला ब्रेक हाही बदलच ठरेल. मूळचे ड्रम चांगल्या लायनिंगसह बसवावेत आणि घोडबंदरला जाऊ नये. काळी फिल्म तर सौदा झाल्या दिवशीच खरवडा, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ मध्येच बंद केली आहे. निळा रंग ठेवायचा असेल, तर आर.सी.वर चढवून घ्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षेची नंबर पाटी बसवली आहे का, हेही पाहा. जुनी तीन अक्षरे त्या पाटीवर तशीच राहतात. आणि इंजिन आधी त्यांच्याच खर्चाने बसवून घ्या, बदलीचे अर्ज त्यानंतर करा.

चरईकर
दोन लाख दहा हजार सांगितले आहेत, जिप्सीचा सगळा माल त्यांचा. त्यांनी रात्रीपर्यंत वेळ मागितला आहे. अडचण एकच उरली आहे. स्टिअरिंगवरच्या गिअरचा दांडा आणि त्याच्या खालच्या सळ्या मिस्त्रीने भंगारात दिल्या. त्याशिवाय चार गिअरचा बॉक्स बसवून उपयोग नाही.

जुनी_पाटी
दांडा माझ्या माळ्यावर आहे, सळ्यांसकट. माझ्या काकांच्या गाडीचा. वरची मूठ तडकलेली आहे, बाकी सगळे फिरते. खारेगावला राहतो, शनिवारी संध्याकाळी या. येताना शिडी आणा, आमची मोडली आहे.